गाळी

पहाटे साडेचारला वडगावच्या गल्लीत
चोक ओढायचा, अकरा किका मारायच्या,
बाराव्या किकेला सीडी हंड्रेड खोकायची.
खोकून गप्प.
मागं पावाची दोन क्रेटं, वर ताडपत्री,
ताडपत्रीखाली सगळी ऊब,
आणि मी बाहेर
तोंडातून वाफ सोडत उभा.

एकदा का पेटली
की पिरनवाडीपर्यंत आचके देत,
नाक चोंदलेल्या म्हशीगत.
आणि तापली की उलटंच :
मूठ सोडली तरी आवाज खाली उतरेना.
किणयेत सुटे पैसे मोजत थांबलो
तर गाडी आपली आपण बोंबलतेय.
कट्ट्यावरचा म्हातारा म्हणाला,
एवढं कुणावर रे?

एक स्क्रू असतो, पितळी.
आत पिळला की दुपार किंचाळते,
बाहेर काढला की पहाट मरते.
सहा महिने मी दोघींच्या मधोमध
पाव फेरा, अर्धा फेरा,
परत पाव.

इरप्पा कडेमनीनं पहिल्यांदा
नुसतं ऐकलं. हातात कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा पंप होता.
एक शब्द बोलला आणि आत गेला.
मला ऐकू आलं, गाळ.
कानडी मला येतं, भांडण्यापुरतं तर नक्कीच,
पण इरप्पा दोन्ही भाषा एकाच पान्यानं फिरवतो,
आणि शब्दाचं शेपूट
इंजिनाच्या बोंबेत गेलं.

मग मी गाळ काढला.
कार्बोरेटरची वाटी उघडली,
चिमूटभर गंज निघाला, आनंद झाला.
जेटमधून ब्रशचा केस आरपार.
टाकी धुतली. पेट्रोल
बायकोच्या जुन्या परकराच्या तुकड्यातून गाळलं.
तीन रविवार.
चौथ्या सोमवारी
अकरा किका.

"गाळ कुणी सांगितला तुला? गाळी! गाळी!"
म्हणून इरप्पानं माझ्या तोंडावर फुंकर मारली.
तंबाखूचा वारा.
मग जनावरांची मोठी सिरिंज घेतली, त्यात पाणी,
आणि चालू गाडीच्या हेडजवळ,
कार्बोरेटर जिथं रबरानं जोडलेला असतो तिथं,
एक थेंब सोडला.

बोंब मधेच थांबली.
गाडी खाली बसली, शहाण्यासारखी
टुक टुक टुक,
थेंब वाळेपर्यंत.
मग पुन्हा किंचाळली.
"इल्लि जग्गाकत्तैति, नोडु."
इथून ओढतेय वारा, बघ.
मी बघितलं. मला काही दिसलं नाही.

दोन बोल्ट काढले, रबर हातात दिलं.
सरळ धरलं तर धडधाकट.
वाकवलं, तेव्हा भेगा उघडल्या,
माझ्या आईच्या टाचेला असायच्या तशा,
कार्तिकात जास्त.
थंडीत रबर आखडतं, म्हणाला, तोंड वासतं.
मागच्या दारानं वारा आत घ्यायची
आणि वर मलाच ओरडायची.
नवीन रबर, मजुरी धरून दोनशे दहा.
स्क्रू त्यानं स्वतः लावला, न बघता,
कान दुसरीकडं करून.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या किकेला चालू.
गल्लीतलं कुत्रं उठलंसुद्धा नाही.
कुसमळीचा पूल कधी मागं पडला कळलं नाही,
एवढी गुमान चालली.
जांबोटीत मालन गावडेच्या दारात थांबलो तर
चुलीवर भाकरी.
"आज आवाज न्हाई. म्हटलं, येत न्हाईस तू."
पुढच्या आळीतही तेच.
त्या दिवशी एक क्रेट परत आलं,
इतक्या लांबून, ऊब गेलेलं.

संध्याकाळी शनिवार खुटावर
रबरी भोंगा घेतला, साठ रुपये.
दुकानदार पुडीत बांधत होता, म्हटलं थांब.
फुगा दोन्ही बोटांत धरून
वाकवून बघितला, उजेडाकडं,
सगळीकडनं.