कानाडोळा

त्बिलिसीच्या गंधकी हमामात
चाळीस वर्षं लोकांच्या पाठी घासल्या अवक्सेंतीनं.
कानात पाणी जायचंच.
काडेपेटीतली काडी फिरवली, की झालं.

साखर चारशेवर. तरी म्हणाला, कानच तर आहे.

मग रात्र रात्र जबडा धरून बसू लागला.
उशीवर हिरवट डाग.
आणि मी, त्याची बायको,
कूस बदलून झोपले.

काल डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरला:
कवटीच्या बुडाशी हाड कुरतडलेलं,
उंदरानं पावाचा कोपरा न्यावा तसं.
सहा आठवडे शिरेतून औषध.

आज सकाळी हसला. अर्धाच.
उजवा डोळा मिटेना.

मी तो बोटानं मिटते, वर पट्टी लावते,
नि त्याच बाजूच्या कानात,
जिथं आता नुसतं हमामाचं पाणी वाजतं,
सांगते:
त्सियाला जागी आहे.