तांब्याच्या गावात वाचन

शिफ्ट संपते तरी कानांत गिरणी फिरत असते,
डोंगराचं पीठ करणारी, अहोरात्र.
मी हात धुते. नखांतला करडा रंग जात नाही.
मग पुस्तक उघडते, निळ्या पुठ्ठ्याचं.
बाप्तिस्म्याला चार महिने झाले
आणि मी अजून एकशे बाराव्या पानावर.

सिस्टर थॅकर सांगते: थोडंच, पण रोज.
एकवीस वर्षांची पोर, आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरून
एर्देनेतच्या थंडीत येऊन पडलेली.
आमच्या भाषेत ‘जुनं’ म्हणायला जाते आणि ‘म्हातारं’ म्हणते:
हे फार म्हातारं पुस्तक आहे, उयांगा.
मी चूक सुधारली नाही.
मला ते दिसलंच, काठी टेकत
चार जिने चढून दाराशी धापा टाकणारं.

वाचून झालं की विचार, म्हणते ती, हे खरं का.
मी विचारते.
स्वयंपाकघरातल्या फरशीवर गुडघे,
हीटरच्या नळ्या टकटकतात,
कोणी बोलत नाही.
शाखेतल्या बाकीच्यांना छातीत ऊब येते म्हणे.
बातझारगल तर भर सभेत रडला, सहा फुटी क्रेनवाला.
मला झोप येते,
आणि झोपेत गिरणी.

पण एक गोष्ट मला ठाऊक आहे, सिस्टर थॅकरला नाही:
धातूवर लिहिणं म्हणजे काय.
लॉकरच्या दारांवर नावं कोरलीत मी, माझ्या पाळीतल्या सगळ्यांची.
आमच्या ‘झ’ला सहा पाय असतात,
तिसऱ्या पायाशी छिन्नी घसरतेच.
म्हणून जिथे लिहिणारा गोष्ट अर्ध्यावर सोडून
घाईनं पुढच्या राजाकडे जातो,
तिथे मी समासात पेन्सिलीनं लिहिते:
हात दुखला असेल.

त्सागान सारला आई आली, एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला.
पहाटे बाल्कनीतून चारी दिशांना चहा शिंपडला,
खालच्याच्या गाडीवर पडला थोडा.
मग बसली. म्हणाली, वाच.
तुला चहा सोडायला लावणारं काय आहे त्यात, ऐकू दे.

मी वाचलं. एक कुटुंब तंबू घेऊन वाळवंटात निघतं.
“उंट किती?”
लिहिलेलं नाही.
“सुनांची नावं?”
नाहीत.
“मग तंबू उतरवला कोणी?”
मी पान उलटलं, जणू पुढे असेल.
आई नाकातून हसली. “बाप्यानं लिहिलंय.”

आणि मग मी घाबरत सांगितलं,
हे सगळं पत्र्यांवर कोरून
डोंगरात पुरून ठेवलं होतं,
शेकडो वर्षं,
आणि एका पोराला सापडलं.
वाटलं, आता खरी हसेल.

ती हसली नाही. नवलही नाही वाटलं तिला.
“आमचंही पुरलंय,” म्हणाली.
“सदतीस साली. लामांना नेत होते तेव्हा.
बाबांनी पोथ्या पिवळ्या कापडात बांधल्या, पेटीत घातल्या,
रात्री गेले, पहाटे मोकळ्या हातांनी आले.
कुठे ते कुणाला सांगितलं नाही.
आईलासुद्धा.”

बराच वेळ ती कापडावरून हात फिरवावा तसा
गुडघ्यावरून हात फिरवत राहिली.
“तुमचं सापडलं तरी कुणाला.”

मग उठली. माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात
नुसतं दूध-पाणी उकळलं, मीठ घालून, चहाविना.
माझ्यासमोर ठेवलं. चढलेली साय काढली नाही,
लहानपणी काढायची तशी.

त्या रात्री गुडघे टेकले तेव्हा
हे खरं का, असं मी विचारलं नाही.
विचारलं: डोंगर कुठला?

नळ्या टकटकत होत्या.
भिंतीपलीकडे आई कूस बदलत होती,
तिलाही झोप नव्हती.