काटा

पोरीनं आठ दिवसांत क्लास सोडला.
फी तीन महिन्यांची भरलेली. गजभारे सर म्हणाले,
पैसे परत नसतात ताई, माणूस बदली चालतो.
तो बदली माणूस म्हणजे मी,
वय एकोणचाळीस, डावा गुडघा कुरकुरा,
ड्रेस पोरीचाच, कडेची शिवण उसवून
आत साडीच्या फॉलची पट्टी जोडलेली.

वसमतचा मोंढा हळदीच्या दिवसांत
सातला उघडतो, आणि बंद कधी होतो
ते ट्रकवाल्यांना विचारावं.
मी काट्यावर असते. बोलतील ते वजन लिहायचं,
एकोणपन्नास सहाशे, एकावन्न दोनशे, बारदाना वजा,
पुन्हा पुढचं.
हळद नाकात, हळद रजिस्टरच्या शिवणीत,
घरी कणीक मळताना
कणकेला कुणी न घातलेला रंग.

क्लास पाच ते सहा. म्हणजे उठायचं चारला,
नळाचा दिवस असला तर तीनला.
नळ पाचव्या दिवशी येतो,
आणि सर नवीन पाऊल
नेमकं त्याच दिवशी शिकवून मोकळे होतात.
मग तिसरीतला उमैर मला मागून समजावतो,
काकू, आधी बघायचं, मग वळायचं.
तुम्ही बघायच्या आधीच वळायल्या.

पहिला काता एकवीस हालचालींचा.
एकवीस सलग कुठं मिळतात?
चार स्वयंपाकघरात.
पाचवीला कोपर पिंपावर आपटतं,
म्हणून पाचवी ते नववी गच्चीवर, ओले कपडे झटकत.
पुढच्या मोंढ्यात, थप्प्यांमधल्या बोळीत,
एक ट्रक हलून दुसरा लागेपर्यंत.
शेवटच्या तीन बहुतेक झोपेत.
मोतीराम म्हणतात, रात्री लाथ मारलीस.
या कात्यात लाथ नाही, मी सांगते.
म्हणजे ती माझी स्वतःची.

हमालांत बातमी फुटलीच.
संभानाना थप्पीवरून ओरडले,
ताई, तुम्ही म्हणे काटा करायल्या?
म्हटलं, बारा वर्षं झाली की नाना,
दिवसभर काट्यावरच आहे.
सगळे हसले. घड्याळातला कुणी मोजला नाही,
तो मी आपली एकटीच बघत असते.
दुपारी नाना जवळ आले, हळू आवाजात,
पाय कसे रोवतात, दाखवा बरं.
दाखवले.
आरं तिच्या, हे तर आपलंच.
आणि पोतं पाठीवर घेऊन फळीवर चढले,
मागचा पाय ताठ,
पुढचा गुडघा बरोबर अंगठ्याच्या वर,
कंबर सरळ,
चाळीस वर्षं, कुणी न शिकवता.
त्या दिवशी मी तीन वजनं चुकीची लिहिली.

पट्ट्याची परीक्षा चैत्रात होती, नांदेडला.
मोंढ्याबाहेर गाड्यांची रांग पार पेट्रोलपंपापर्यंत.
मालकांनी सुट्टी दिली नाही असं मी सरांना सांगितलं.
खरं तर मागितलीच नव्हती.

उमैर नवा पट्टा बांधून आला
आणि माझ्या कमरेकडे बघत राहिला.
काकू, तुमचा तर आधीच पिवळा झालाय.
झाला होता. दिवसभर डब्याच्या पिशवीत,
पिशवी काट्याच्या खिळ्याला.
सर म्हणाले, हळदीचा धरत नसतात.
नका धरू, म्हटलं. आषाढात पुन्हा आहे ना?

आज सहाला दहा कमी.
नळ नाही, फोन नाही, पोरं अजून जांभया देत होती.
एकवीसच्या एकवीस सलग झाल्या.
पंधरावी चुकली, आणि मी थांबले नाही.
ओरडायच्या जागी ओरडले.
शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उठली,
सरांच्या हातातला चहा हिंदकळला.

मग चपला घातल्या.
सातला काटा सुरू होतो.