पाच मिली

गदिनियाच्या बंदरात बोगुमिलने
एकतीस वर्षं क्रेन चालवली.
चाळीस टनांचा कंटेनर जहाजाच्या पोटात असा ठेवायचा
की खाली उभ्या माणसाच्या चहावर
तरंग उठू नये.

आता अंगठ्याखाली पाच मिली.
सिरिंजमध्ये करडं, पातळ काहीतरी,
मनगटावर थेंब टाकून पाहिलेलं, कोमट.
मानेतून आत गेलेली नळी,
तिच्यावर जुन्या मोज्याची कापलेली पट्टी.
आधी पाणी. मग अन्न. मग पुन्हा पाणी.
घाई केली की ती सगळं उलटून टाकते,
आणि मग दोघंही फरशीवर बसून राहतात,
एकमेकांकडे न बघता.

श्रुबका तिचं नाव. म्हणजे स्क्रू.
जिन्यातली मांजर. कुणाचीच नाही,
म्हणून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांची.
बारा दिवस उपाशी होती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
अंगातली चरबी यकृतात जाऊन बसली.
कान उलटून दाखवले, आतून हळदीसारखे पिवळे.
अडकली होती कुठे बिचारी?
बोगुमिलने खांदे उडवले.

तळघराला कुलूप त्यानेच लावलं होतं.
पाइपांचं काम संपलं त्या संध्याकाळी
दिवा घालवताना बटाट्याच्या खोक्यामागे
काहीतरी हललं.
उंदीर असेल.
गुडघा ठणकत होता, वर सूप निवत होतं.
किल्ली दोनदा फिरवली.

लुत्सिना शेजारीण माशाचे डबे आणून देते,
देवमाणूस आहात हो, म्हणते.
तो डबे घेतो. घेतो, काय करणार.
कपाटात रचतो, लेबलं एका रेषेत.

रात्री दोनचा गजर.
एकदा नळी तुंबली. थेंब थेंब कोला सोडून
पाऊण तासाने मोकळी झाली.
उरलेला कोला त्याने उभ्याउभ्याच पिऊन टाकला.
अन्न तोंडाला शिवतही नाही,
तरी शेवटी ती ओठ चाटते.
जेवण झालं, एवढं तरी कळतं म्हणायचं.

अशाच एका रात्री त्याने तिला सगळं सांगितलं.
दिवा, खोका, गुडघा, सूप.
मोठ्याने, सिरिंज हातात धरून.
ती भिंतीकडे बघत होती.
मांजरं म्हणे डूख धरत नाहीत.
मग भांडायचं तरी कुणाशी?

सोळाव्या दिवशी त्याच्या ताटातल्या हेरिंगची फोड
तिने नखाने ओढली.
तिरकं तोंड करून चावली, गळ्यातली नळी हिंदकळत.
त्याने श्वास धरला,
कंटेनर तळाला टेकतो
आणि दोर सैल पडतो, त्याच्या आधी धरायचा तसा.
फोड गेली पोटात.
दोन वाजता तरीही गजर झाला,
तरीही पाणी, अन्न, पाणी.

सकाळी लुत्सिनाने किल्ली मागितली,
लोणच्याच्या बरण्या खाली राहिल्या होत्या.
मीही येतो, म्हणाला.
दिवा लावला. एकेक खोकं सरकवलं,
दुखऱ्या गुडघ्यावर बसून प्रत्येकाच्या मागे पाहिलं,
कोपरे, पाइपांखालची जागा,
पुन्हा पहिल्या खोक्यामागे.
बरण्या छातीशी धरून ती दारात थांबलेली.

काय शोधताय हो?