शिफारस

नगरसेवकाच्या बंगल्यावर तीन सकाळी गेलो,
तेव्हा चिठ्ठी मिळाली. लेटरहेड, गोल शिक्का:
‘कु. अखिला नरसय्या कोंड्याल हिला
मी व्यक्तिशः ओळखतो. कन्या होतकरू आहे.’
ओळखत नाही तो. नाव मीच सांगितलं, दोनदा,
तरी ‘ड्या’ खोडून परत लिहावा लागला.

चिठ्ठी घेऊन पार्क मैदान.
सुभेदार वाघमोडे पोरांना पळवत होते.
शिट्टी तोंडातच ठेवून त्यांनी वाचली,
होती तशी घडी घातली
आणि माझ्याच खिशात सरकवली.
‘नरसय्या, तिथं हे चालत नाही.
तिथं पोरगी जाते आणि छातीवरचा नंबर.
नाव दारात काढून ठेवायचं, चपलेसारखं.’

वाईट वाटलं, खरं सांगतो.
रेशन कार्डापासून आईच्या पेन्शनीपर्यंत
माझं एक काम चिठ्ठीशिवाय झालेलं नाही.
लेखी परीक्षा ती पास झाली तेव्हाही
मनात शोधत होतो, कुणी सांगितलं असेल?

मग तो फॉर्म.
वडिलांचा व्यवसाय. आईचा व्यवसाय. उत्पन्न.
म्हटलं, बिड्डा, ‘टेक्स्टाईल’ लिही. आई, ‘गृहिणी’.
म्हणाली, लिहू त्यावरच विचारतात, नान्ना,
आणि खोट्याला डोळे आधी खाली जातात.
यंत्रमाग कामगार, लिहिलं तिनं. विडी कामगार.
शाई वाळेपर्यंत मी बघत राहिलो.

त्या रात्री पाळी करून आलो तर
वही उघडून बसलेली.
टॉवेलच्या एका इंचात आडवे धागे किती?
धागा तुटला की माग आपण थांबतो, का तुम्ही थांबवता?
मजुरी नगावर का दिवसावर?
सत्तावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मालकाला नग हवे असतात.
मी बोलत सुटलो, भाकरी कडक झाली.
कांडी संपत आली की धोट्याचा आवाज हलका होतो,
हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोललो.
‘लिहून घेऊ?’
लिही की.

शब्दांचीही परीक्षा असते. पंधरा सेकंद, एक वाक्य.
धाकटा मोबाईलवर वेळ लावून ओरडायचा: ‘धोका!’
तिच्याआधी तिची आई, सुपातून मान वर न करता:
‘पाचव्या दिवशी पाणी आलं आणि मोटर बंद.’
‘अंधार!’
‘विडीला बोटं लागतात, दिवा नाही.’
अखिला हसत सुटली. पंधरा सेकंद गेले.

पहिल्या खेपेला भोपाळहून
पहिल्याच संध्याकाळी परत पाठवली.
एक धूसर चित्र, त्यावर गोष्ट,
मग गटात सगळे एकदम बोलले,
हिला शिरायला फट मिळाली नाही.
भाडं मात्र सरकारनं दिलं.
पहिल्यांदा जाणाऱ्याला देतात, दुसऱ्यांदा नाही.

आता नळावर सराव चालतो.
आधी ऐकते, मग म्हणते,
‘गौरम्मा म्हणतायत ते बरोबर, पण घागरी मोजून लावू.’
बायका चिडतात. रांग मात्र लागते.

काल बायकोनं शर्ट भिजवला, खिसा न बघता.
चिठ्ठीचा लगदा झाला,
शिक्का तेवढा कापडाला लागला,
जांभळा, गोल, डाव्या बाजूला. घासून जात नाही.
दुसरा धड शर्ट नाही.
परवा कर्नाटक एक्स्प्रेसला तिला सोडायला
तोच घालून जाणार.