गल्ली नंबर चार

धुळ्यात गल्ल्यांना नावं कमी, नंबर जास्त.
चौथ्या गल्लीत, भटू शिंप्याच्या माडीवर
दोन खुर्च्या, एक इन्व्हर्टर, आणि मी.
मी जागा भाड्याने देतो.
कुठली जागा, ते विचारू नका.
सिंगापूरला आहे म्हणतात, एका थंडगार खोलीत,
मी पाहिलेली नाही.
वर्षाला अठराशे रुपये, पावतीवर सही माझी.

एकाच पत्त्यावर दोनशे बारा बिऱ्हाडं:
ठिबकच्या नळ्या, लग्नाचा हॉल,
मूळव्याधीचे डॉक्टर, हिलाल आप्पाचा बँड.
मागे त्यातल्याच कुणी परक्यानं
केस उगवायच्या खोट्या गोळ्या विकल्या
आणि वाळीत पडलं सगळं बिऱ्हाड.
अकरा दिवस कुणीच कुणाला सापडेना.
हिलाल आप्पा जिना चढून आले,
दम लागलेला, काखेत क्लॅरिनेटची पेटी,
"लगीनसराई शे, भाऊ."
एवढंच. मग पाणी प्यायले.

फागण्याच्या मथुराबाई चित्ते खापर करतात.
पालथं चुलीवर ठेवायचं, वर कोपरापर्यंत लांबवलेला मांडा टाकायचा,
ते खापर.
मुलानं पैसे भरले, मी साइट उभी केली,
फोटोत खापर उन्हात वाळत घातलेलं,
मागे एक शेळी, ती मुद्दाम राहू दिली.
महिन्यानं त्या आल्या. "मनी साइट कोठे शे?"
मी म्हटलं, आहे ना.
"मंग सापडस का नही?"

त्यांच्यासमोरच टाइप केलं: खापर.
पहिलं पान उघडलं.
पराभवाचं खापर जिल्हाध्यक्षांवर.
पीछेहाटीचं खापर खेळपट्टीवर.
पूल खचला, खापर ठेकेदारावर,
ठेकेदाराचं खापर पावसावर.
दुसरं पान तसंच. तिसऱ्यावर तर
एकाच खापराचे सात तुकडे, सात वर्तमानपत्रांत.
मथुराबाई चष्मा पुसून वाचत होत्या, बोट लावून.
मग हसू आवरेना त्यांना:
"इतला खापर फोडतस लोके,
मंग नवं कोठून लेतस?"

चौथ्या पानावर, खालून दुसऱ्या,
त्या होत्या. शेळीसकट.
वर एका पतसंस्थेची जुनी सभेची सूचना,
खाली कुणाच्या तरी दहावीच्या बॅचचा मेळावा, होऊन गेलेला.
"आठे कोन राहस?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, इथे कुणी येत नाही, बाई.
त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं.
भटूचं मशीन चालू होतं,
भांड्यांच्या दुकानापुढे टेम्पो अडकलेला,
एक पोरगी दुधाची पिशवी दातात धरून सायकल वळवत होती.
"चार नंबरले कोनी येत नही म्हने," त्या म्हणाल्या,
आणि पदर खोचून जिना उतरल्या.

मी नंतर बरंच केलं, ते सांगत बसत नाही.
मजकुरात 'मांडे' घातले, 'पुरणपोळी' घातली,
'फोडण्यासाठी नाही' असंही एकदा लिहिलं, रात्री, मग काढलं.
पान बदललं नाही.

अक्षयतृतीयेच्या आधी फोन आला, सुरतहून, उधन्याचा.
बाईमाणूस, मागे यंत्रमागाचा आवाज.
खापर पाहिजे म्हणाली, एक, मोठं.
मी विचारलं, सापडलं कुठे?
"चौथ्या पानावर. का?"
आवाजात खरंच प्रश्न होता.
"माहेर धुळ्याचं माझं. सहाव्या गल्लीतून
दळण घ्यायला चौथीत यायचो आम्ही."

खापर गेलं, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं,
भुशात, गोणपाटात, वर लाल शाईनं 'सांभाळून'.
नवापूरच्या घाटात कुठेतरी फुटलं.
बाईनं मथुराबाईंना फोन केला, मथुराबाईंनी मुलाला,
मुलानं मला.
तुमच्याच साइटवरून गेलं होतं ना, म्हणाला.

दुसरं खापर मी स्वतः बसस्टँडवर नेलं, मांडीवर घेऊन,
रिक्षात, खड्डे मोजत.
भाडं पुढच्या महिन्यात संपतंय त्यांचं.
मी अजून सांगितलेलं नाही.