कुणावर गेलंय

रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर, बारसं.
पाळण्याला फुलं कागदाची,
मंजिरीला मोगऱ्यानं शिंका येतात म्हणून.
आतल्या खोलीत बायकांची तपासणी चालू:
नाक आमच्याकडचं, कपाळ तुमच्याकडचं,
हनुवटी मात्र कुणाचीच नाही.
महिनाभर थांबा ग, सुलूआत्या म्हणाल्या,
तोंडं बदलत असतात.

बाहेरच्या खोलीत टीव्ही.
आवाज बंद, कारण पाळणा म्हणायचा होता.
कुठल्याशा देशातलं एक शहर धुरात,
खालून पळणारी पट्टी,
आणि चार चौकटींत चार तज्ज्ञ
नव्या युद्धाचं तोंड न्याहाळताहेत.

व्हिएतनामवर गेलंय, भिया,
जावई म्हणाले, घुगऱ्यांवर जीरावण भुरभुरत.
छे हो, अफगाणिस्तान. चाल बघा ना, चाल.
विम्यातले देवधर म्हणाले, साठ टक्के हे, चाळीस ते.
कुणीतरी हसलं. कुणीतरी शेव मागितली.

मी द्रोण वाटत होते.
अच्युतमामा खिडकीशी, नेहमीसारखे दाराकडे तोंड करून.
मामा, तुम्ही तर गेला होता तिकडे, श्रीलंकेत,
तुमच्यासारखंच आहे का हो हे?

आमच्याला युद्ध म्हणत नव्हते,
मामा म्हणाले.
त्याचं बारसं आधीच झालं होतं.
शांतिसेना.

एवढंच. मग द्रोणातला एक हरभरा
त्यांनी उगीच बोटानं फिरवला.

बाकीचं मला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे.
आठवडाभराचं काम आहे, असं महूला सांगितलं होतं,
म्हणून मामांनी मोज्यांचा एकच जोड जास्तीचा घेतला.
सव्वीस महिने.
जाफन्याजवळ सेट लावला तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.
भिंतीवर पेन्सिलच्या रेघा, मुलाच्या उंचीच्या,
प्रत्येक रेघेपुढे तारीख, शेवटची जुलैतली.
पुढची रेघ मारायला कुणी आलं नाही.
एरियलची तार बांधायला खिळा तिथंच होता,
रेघांच्या वर वीतभर.
हे त्यांनी मामीलाही सांगितलं नाही,
मला सांगितलं, मी दहावीत असताना,
भूमितीत नापास झाले त्या दिवशी,
का कोण जाणे.

परतल्यावर बंदरात बँड होता, म्हणे, आपलाच:
वाजवणारेही आपण, ऐकणारेही आपण.
आणि इंदूरला स्टेशनाबाहेर
टेम्पोवाल्यानं ट्रंक वर चढवताना विचारलं,
लंका? घूमने गए थे क्या, भिया?
हो म्हणालो, मामा सांगतात.
हा एवढा भाग ते हसत सांगतात.

पडद्यावर आता एक पोरगा,
वीस-एकवीसचा, रणगाड्याला टेकून बसलेला.
तज्ज्ञ त्याच्यावरून नकाशा सरकवत होते.
मामा पुढे वाकले.
बूट बघ त्याचे, मला म्हणाले,
नवे आहेत. टाच सोलली असणार.

आतून हाक आली: आत्या कुठाय, आत्या?
सगळे उठले. खुर्च्या सरकल्या.
कुर्रर्रर्र
बाळाच्या कानात,
आणि इकडे मामांचा हात
आपल्याच कानाकडे गेला,
तिथं नसलेला हेडफोन दाबायला.
पाठीवर थापा पडल्या, पोर रडलं,
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काय ठेवलं नाव?
मी सांगितलं.
त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, हळू,
पलीकडच्याला नीट ऐकू गेलं पाहिजे असं.

आणि कुणावर गेलीय?
अजून कळत नाही म्हणतात, मामा,
महिनाभर थांबा म्हणतात.

महिना,
मामा म्हणाले,
आणि द्रोण पुढे केला,
घाल अजून थोड्या. मीठ बरोबर झालंय आज.